पूजेतला पेनड्राइव्ह

त्या दिवशी माझ्या दुकानातल्या पडद्यावर जे दिसलं ते मी लिहिणार नाही. समोर कोण बसलं होतं तेवढं सांगतो. बाराव्या वर्षापासूनचा माझा मित्र, ज्याला त्याचं अख्खं गाव नाना म्हणतं. त्याची बायको, म्हणजे आमची अक्का. आणि त्यांची नात, जिच्या लग्नाची पत्रिका करायला ते तिघं पारोळ्याजवळच्या गावाहून धुळ्याला माझ्याकडे आले होते. मी माउस दाबला, आणि पत्रिकेचा नमुना उघडायच्या ऐवजी एक बाई उघडली. तिला झाकायला गेलो तर दुसरी. तिला झाकलं तर तिसरी, आणि तिच्याबरोबर एक बाप्यासुद्धा.

अक्काने पदर तोंडावर घेतला. पोरगी पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागली. मला काही सुचेना म्हणून मी गळ्यातलं उपरणं काढून पडद्यावर टाकलं. उपरण्याखालून आवाज यायला लागले. शेवटी भिंतीतली पिनच उपटली तेव्हा दुकान शांत झालं.

पाच मिनिटं आधी मी त्या पोरीचा पेनड्राइव्ह लावला होता, नवरा-नवरीचे फोटो घ्यायला. मला तेवढं पुरलं. म्हणालो, "ही घाण तुमच्याकडून आली. माझ्या दुकानात असलं काही नाही आणि कधी नव्हतं."

नाना म्हणाला, "काय बोलस तू, समजस का तुले?"

"मला सगळं समजतं. पोरं काय काय बघतात ते माहीत आहे मला."

हे मी त्या पोरीसमोर बोललो. एवढ्यावर थांबलो असतो तरी पुष्कळ होतं. पण मी तो पेनड्राइव्ह उपटला, छपाईचे खिळे सारखे करायची माझी लाकडी हातोडी घेतली आणि त्याचा चुरा केला. नाना उठला. टेबलावरचा नावांचा कागद त्याने घडी करून खिशात घातला आणि तिघं निघून गेली. अक्का जाताना नेहमी म्हणते, "येते हं भाऊ." त्या दिवशी म्हणाली नाही.

आता थोडं मागचं सांगतो, नाहीतर एका पत्रिकेचं एवढं काय, असं वाटेल.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण पन्नास वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका काढत आलोय, त्यामुळे माझ्या लिहिण्यात कुणी चूक शोधायला बसला तर त्याचा वेळ वाया जाईल. नाना आणि मी धुळ्यातल्या एका छापखान्यात बरोबरच लागलो. मी शिशाचे खिळे जुळवायचो, एकेक उलटं अक्षर उचलून स्टिकमध्ये, म्हणजे पितळी पट्टीत, ओळीने लावायचो. नाना पायाने मशीन चालवायचा आणि कागद घालायचा. मी जुळवलेलं त्याने छापलं, असं पंधरा वर्षं चाललं. पुढे तो शेतीकडे गेला, मी स्वतःचं दुकान टाकलं. कॉम्प्युटर आला तेव्हा सगळे म्हणाले, आता म्हातारा घरी बसेल. मी बसलो नाही. बोटं तीच होती, नुसती जागा बदलली.

आमच्याकडे पत्रिका म्हणजे नावं. मुलगा-मुलगी आणि मुहूर्त एका कोपऱ्यात मावतात, बाकी सगळा कागद भाऊबंदांचा. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाच्या मागे आबा लावायचं, कुणाच्या मागे नाना, कोण वारला, कोण वेगळा निघाला, कोणाचं कोणाशी बोलणं बंद आहे. एक नाव खालीवर झालं तर माणूस मांडवात जेवत नाही. हे सगळं मी घराण्यागणिक लिहून ठेवलेलं होतं, आधी वह्यांत, मग कॉम्प्युटरमध्ये. दशक्रियेच्या पत्रिकाही मीच छापतो, त्यामुळे कोण गेला ते मला सगळ्यांच्या आधी कळतं आणि त्याच दिवशी त्याच्या नावाआधी 'कै.' लागतं. पन्नास-साठ गावांची भाऊबंदकी माझ्या त्या एका फाइलीत होती. लोक माझ्याकडे छपाईसाठी येत नव्हते, त्या नावांसाठी येत होते.

नाना गेल्यावर मी पिन परत लावली. पडद्यावर बाया नव्हत्या, पण माझी सगळी खाती, म्हणजे फाइली ठेवायची फोल्डरं, बदलली होती. प्रत्येकावर एक छोटा बाण. नावांची फाइल दाबली तर काहीच नाही, पुन्हा दाबली तर बाया हजर.  ज्या खात्यात मी दशक्रियेची नावं ठेवतो त्याच्याखालून हे निघावं.

दुकानात माझ्याबरोबर माझी सून बसते. मुलगा नोकरीला बाहेरगावी असतो, म्हणून दुकान आम्ही दोघं बघतो. ती म्हणाली, "आबा, दाबू नका. जितकं दाबाल तितकं पसरेल. आणि कुठून आलं ते आधी बघायला पाहिजे होतं."

"बघितलं मी."

"तुम्ही फोडलं. बघितलं नाही."

 मी फिनेलच्या बोळ्याने कळफलक पुसून काढला, माउस पुसला, टेबल पुसलं. सून बघत होती. म्हणाली, "ते बाहेरून नाही आबा, आतून आहे." मला कळत होतं. पण हाताला काहीतरी करायचं होतं.

धुळ्यात कॉम्प्युटर दुरुस्त करणारे खूप. आमच्या गल्लीतच दोन. त्यांच्यासमोर मी मशीन उघडून ठेवणार, आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर म्हाताऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये काय निघालं त्याची चर्चा. त्यापेक्षा मी मशीनचा डबा गोधडीत गुंडाळला आणि एसटीने जळगावला निघालो. डबा मांडीवर. कंडक्टरने विचारलं, "आबा, टीव्ही का?" म्हणालो, "आजारी आहे, हात लावू नको." एरंडोलपर्यंत माझ्या मांड्या बधिर झाल्या.

सुनेच्या मैत्रिणीने पत्ता दिला होता. जिना चढून गेलो तर दुकानात एक तिशीची बाई स्क्रू खोलत बसलेली. विचारलं, "मालक कुठे आहेत?"

"बसा आबा. मालकच खोलतेय."

तिने डबा तिच्या पडद्याला जोडला. नेटची वायर लावली नाही. स्वतःच्या जवळचा एक पेनड्राइव्ह लावून मशीन त्याच्यावरून चालू केलं, म्हणजे माझ्या मशीनमधली घाण उठायच्या आधीच तिला झोपेत धरायचं, असं तिने सांगितलं. पडद्यावर ओळी पळायला लागल्या. लाल ओळ म्हणजे कीड. लाल ओळी संपेनात. बैलाच्या कानामागे गोचीड बघितली आहे का? एक ओढून काढली की तिच्याखाली दहा असतात, फुगलेल्या. मी बघत बसलो आणि मला अंगाला खाज सुटली.

तिने समजावून सांगितलं. ही कीड पेनड्राइव्हवरून येते. तुमची खरी खाती लपवते आणि त्याच नावाचं खोटं दार पुढे उभं करते. तुम्ही आपलं खातं म्हणून ते दाबता, आणि दर वेळी तिला स्वतःच्या हाताने आत घेता. आत आल्यावर पहिलं काम, पहारा करणाऱ्या प्रोग्रामला मारायचं. मग नेटवरून आपली भावंडं बोलवायची. त्या बाया म्हणजे भावंडं.

"नुसतं काढून भागणार नाही," ती म्हणाली. "फार मुरलंय. सगळं पुसून नव्याने टाकते. फाइलींची दुसरी प्रत आहे ना कुठे?"

"आहे. नावांची आहे. देवघरात."

तिने एकदा माझ्याकडे बघितलं. "कुठेही असू दे. पण मशीनला बाहेरचं काही लावायच्या आधी माझ्याकडे आणायचं. काहीही."

मी मान हलवली. मला वाटलं ती गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हबद्दल बोलतेय.

दसऱ्याला आम्ही हत्यारं पुजतो. कुणी विळा-कोयता, कुणी ट्रॅक्टर. माझ्याकडे शिशाच्या खिळ्यांची एक केस, म्हणजे खणाखणांचा ट्रे, राखून ठेवलेली आहे, बाकीच्या मोडीत घातल्या. ती केस, स्टिक आणि हातोडी पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं. काही वर्षांपासून त्यात एक पेनड्राइव्हही असतो. दसऱ्याच्या सकाळी वर्षभरातली सगळी नावं त्याच्यावर उतरवायची, त्याला कुंकू लावायचं, लाल खणाच्या तुकड्यात बांधायचं आणि देवघराच्या खालच्या पायरीवर ठेवायचं. पुढच्या दसऱ्यापर्यंत त्याला कुणी हात लावत नाही. ही माझी पद्धत, मीच काढली, आणि मला तिचा अभिमान होता. गल्लीतल्या शिकलेल्या दुकानदारांचं सगळं उडून जायचं, माझं देवाजवळ असायचं.

जळगावहून आणलेलं मशीन जोडलं. कोरं, नव्यासारखं. सकाळी आंघोळ करून, हात जोडून, मी तो लाल खण सोडला आणि पेनड्राइव्ह लावला. नावं उतरली. नानाचं घराणं उघडून बघितलं, सगळे होते, वरपासून खालपर्यंत. तिसऱ्या ओळीत मी होतो. नानाच्या घरच्या प्रत्येक पत्रिकेत निमंत्रकांमध्ये माझं नाव असतं, भाऊबंद नसताना, आणि दर वेळी मीच ते जुळवतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खात्यांवर बाण आले. दाबलं. तीच बाई. एव्हाना ओळखीची झाली होती.

मी जळगावला फोन लावून त्या दुकानदारणीला जे बोललो ते तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, मशीन घेऊन या. आणि काय काय लावलं ते आठवत या."

"काही लावलं नाही."

या खेपेला सून बरोबर आली. म्हणाली, एकट्याने डबा उचलू नका. खरं कारण तिच्या पर्समध्ये होतं, ते मला वर गेल्यावर कळलं.

दुकानदारणीने पुन्हा तोच प्रश्न विचारला आणि मी पुन्हा तेच उत्तर दिलं. तेव्हा सुनेने पर्समधून लाल खण काढून टेबलावर ठेवला.

मी म्हणालो, "तो उचल. तो पूजेतला आहे."

"आबा, तेवढाच लावला होता तुम्ही."

"तो घरचा आहे. त्याला घाण कुठून लागणार?"

दुकानदारीण म्हणाली, "माझ्या देवघरात उंदीर येतो आबा. नैवेद्य खाऊन जातो. बघू तर द्या."

मी खुर्ची मागे घेतली. तिने चपला काढून बाजूला ठेवल्या आणि मग खण सोडला. ते मला दिसलं. पेनड्राइव्हच्या तोंडात कुंकू गेलं होतं, ते तिने बारीक ब्रशने झाडलं. एका जुन्या, कशालाच न जोडलेल्या मशीनला तो लावला. पहिलीच ओळ लाल. दुसरी लाल. सगळ्या लाल.

"ही कधी शिरली बघा," म्हणून तिने तारखेवर बोट ठेवलं. मला तारीख वाचायची गरज नव्हती तरी वाचली. गेल्या दसऱ्याची होती.

त्या सकाळी आमच्या गल्लीत वीज नव्हती. आरतीचे कागद छापून हवे होते आणि आरती त्याच पेनड्राइव्हवर होती, म्हणून मी तो पेनड्राइव्ह घेऊन मोठ्या रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो होतो. तिथे दिवसभर कोण काय लावतं त्याला काही धरबंद नाही. वीज आल्यावर घरी येऊन तोच पेनड्राइव्ह माझ्या मशीनला लावला, नावं उतरवली, आणि पाटावर ठेवला. म्हणजे घाण मी आणली, मशीनमध्ये मी घातली, तिला हळदकुंकू मी वाहिलं आणि रोज सकाळी तिच्यापुढे उदबत्ती मी ओवाळली. त्या पोरीचा पेनड्राइव्ह आला तेव्हा ती आतमध्ये कित्येक महिन्यांची झाली होती; जुन्या पहाऱ्याला मारायला तिला तेवढे महिने लागले, असं दुकानदारीण म्हणाली. उलट त्या पोरीच्या पेनड्राइव्हलाच माझी लागली असणार.

मला स्वतःच्या बोटांची किळस आली. बेसिनवर जाऊन हात धुतले. सून खणाची घडी घालत बसली. ती काही बोलली असती तर बरं झालं असतं.

किडीने लपवलेली खाती दुकानदारणीने उघडी केली, नावांची फाइल तेवढी उचलून धुवून नव्या जागी ठेवली, मशीन पुन्हा पुसलं, पहारा नवीन बसवला. पेनड्राइव्ह मला परत द्यायला लागली. म्हणालो, "तुझ्याकडच्या कचऱ्यात टाक."

परतीच्या एसटीत पारोळ्याचा फाटा आल्यावर सून म्हणाली, "पारोळा आलं आबा."

"दिसतंय मला."

"डबा मी नेते."

मी उतरलो.

नानाच्या ओसरीवर पत्रिकांचे गठ्ठे होते. दुसरीकडून छापून आणलेल्या. नाना गठ्ठे सोडत होता. मला बघून म्हणाला, "ये. बस." पोरगी पाण्याचा तांब्या घेऊन आली.

मी नानाला म्हणालो, "घाण माझ्याकडची होती. माझ्याच पेनड्राइव्हमधली."

नाना गठ्ठ्याची दोरी सोडत राहिला. "माले काय सांगस? तिनासमोर बोलना व्हतास. तिलेच सांग."

ती तांब्या घेऊन उभीच होती. अक्का दारात आली. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही, ना मालकाची ना बायकोची. पोरीला म्हणालो, "तुझ्याकडून काही आलं नव्हतं. माझ्याकडून आलं होतं. मी खोटं बोललो."

ती म्हणाली, "माझ्या पेनड्राइव्हचे तुकडे कुठे आहेत?"

"गटारीत टाकले."

"त्यात माझं कॉलेजचं वर्षाचं काम होतं आबा."

"फोटो होते ना?"

"फोटो फोनमध्ये आहेत. काम नाही. परत लिहितेय." तिने तांब्या माझ्याजवळ ठेवला आणि आत गेली. पाणी प्यावं की नाही ते मला कळेना. शेवटी प्यालो.

सवयीने मी एक पत्रिका उचलली. कागद चांगला होता, रंग भडक. निमंत्रकांत तिसऱ्या ओळीत दुसरंच नाव होतं. मी सगळ्या ओळी पाहिल्या. माझं कुठेच नव्हतं. ते ठीक होतं. पण पहिली ओळ वाचली आणि मी नानाला विचारलं, "तुझा थोरला भाऊ आता कसा आहे?"

नानाने माझ्याकडे असं बघितलं, जणू मला खरंच वेड लागलंय. थोरल्याची दशक्रिया गेल्या पावसाळ्यात मीच छापली होती. मी पत्रिका त्याच्या पुढे धरली. नावाआधी 'कै.' नव्हतं. दुसऱ्या छापखान्याने कुठली तरी जुनी पत्रिका समोर ठेवून उतरवलं होतं, आणि घरात कुणी वाचलं नव्हतं, कारण इतकी वर्षं वाचायची गरजच पडली नव्हती. थोरल्याची बायको पलीकडच्याच घरात राहते. उद्यापासून पत्रिका वाटायच्या होत्या, पहिली तिच्याच घरी.

नाना ओसरीच्या कडेला बसला. हात लांब करून तो पत्रिका बघत राहिला. "बठ्ठ्या अशाच शेतस," म्हणाला.

"सगळ्याच तशा असणार. उद्या दुपारपर्यंत वाटू नको," मी म्हणालो आणि रिक्षा बघायला निघालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी राखून ठेवलेल्या केसमधून मी 'कै'चा खिळा आणि टिंबाचा खिळा काढला. बारा महिने ते नुसतं कुंकू खात पडले होते. घासले, स्टिकच्या टोकाला दोऱ्याने घट्ट आवळले, शाईची गादी घेतली आणि पहिल्या एसटीने नानाकडे गेलो. ओसरीवर पाट मांडला. नाना डाव्या हाताला बसला. तो पत्रिका सरकवायचा, मी नावाआधी ठोकायचो, तो उचलायचा. पहिल्या पाच-दहा वाकड्या गेल्या. मग जुना ठेका सापडला. अक्काने दोनदा चहा आणला. दुसऱ्यांदा "घ्या भाऊ" म्हणाली.

पोरगी आपणहून बाहेर आली आणि शाई वाळायला पत्रिका खाटेवर पसरायला लागली. मधेच म्हणाली, "आबा, ही तिरकी आलीय."

बघितली. आली होती. "बाजूला ठेव," म्हणालो.

"ही पण."

"ती पण ठेव."

गठ्ठे संपत आले तेव्हा दुपार कलली होती. नानाने एक पत्रिका सरकवली, पण हात काढला नाही. तिसऱ्या ओळीच्या शेजारच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "आठे तुनं नाव बी ठोक ना मग."

मी म्हणालो, "तेवढे खिळे नाहीत माझ्याकडे."

खिळे होते. अख्खी केस घरी होती. नानाला ते माहीत होतं. त्याने बोट काढलं, आणि पुढची पत्रिका सरकवली.